शाळेच्या गच्चीवरची सतरंजी

आमच्या शाळेत दोन सतरंज्या आहेत. एक निळ्या पट्ट्यांची, तिच्यावर पहिलीची पोरं बसतात. दुसरी लाल, चांगली पंधरा हात लांब, एका गुरुजींनी निवृत्त होताना शाळेला दिलेली. ही लाल सतरंजी मी गेली कित्येक वर्षं पोरांना बसायला दिलेली नाही. वैशाखात ती गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडायची असते. ती दिसली की धरणाच्या पाण्यात कुणी नाव घालायची नाही, असा आमच्या गावाचा नियम आहे. तो नियम मी केला. त्याचं पुढं काय झालं ते गावाला ठाऊक आहे, पण जसं झालं तसं नाही.

नेवासा तालुक्यातलं आमचं गाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. मी इथली नव्हे. बदली होऊन आले, खोली केली आणि राहिले. इथली माणसंही तशी पाण्याची नव्हेत. त्यांचे आजे बाजरी आणि तूर करत होते. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि उरलेल्यांनी नाव चालवायला, जाळं टाकायला शिकून घेतलं. त्यामुळं आमच्याकडचं पाण्याचं शहाणपण जेमतेम दोन पिढ्यांचं, आणि त्यातलंही निम्मं शेतातून आणलेलं. शेतकरी वळवाची वाट बघतो. ढग आले की तोंड वर करून उभा राहतो, पळत नाही. नावेत बसूनही ही माणसं तशीच वर बघत बसायची, आणि मला त्याचा संताप यायचा.

त्यांचा पाण्यावरचा एकच नियम होता, आणि तो बापानं लेकाला सांगितलेला होता. वारं पडलं की नाव सोडायची. उन्हाळ्यात दुपारभर इथं पश्चिमेचं वारं वाहतं आणि पाणी नुसतं उसळत असतं. ते थांबलं की पाणी ताटासारखं सपाट होतं, नाव सुरळीत जाते. वर्षाचे अकरा महिने हा नियम बरोबर आहे. वैशाखात तो माणसं मारतो. कारण पूर्वेला वळवाचा ढग पिकत आला की इकडचं वारं आधी पडतं. पान हलत नाही, अंगाला घाम सुटतो, आणि मग पंधरावीस मिनिटांनी उलट्या दिशेनं असं वारं सुटतं की पत्रे उडून जातात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पाचवीला शिकवलेलं होतं, आणि दोन उन्हाळे शाळेच्या गच्चीवर बसून डोळ्यांनी पाहिलेलंही होतं.

सुट्टीत मला दुसरा उद्योग नव्हता. अकरा वाजता पूर्वेला पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसले तर चिंता नाही. एकच्या सुमारास तेच ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर चढायला लागले तर सावध व्हायचं. दोननंतर त्यांचा माथा सपाट होऊन ऐरणीसारखा एका बाजूला पसरला आणि तळ काळा पडला, तर समजायचं. मोबाईलवर विजा दाखवणारं एक अ‍ॅप होतं, त्यात लाल ठिपके उमटायचे. पेपरातला अंदाज मात्र मी वाचून बाजूला ठेवायचे. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस. आता तुरळक ठिकाण नावाचं गाव काही आमच्या तालुक्यात नाही. वळीव बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं म्हणतात, ते खोटं नाही. म्हणून आपल्या पाण्यापुरतं आपणच बघायचं.

गावातली मोठी नाव एकाचीच होती. पत्र्याची, मागं डिझेलचं छोटं मशीन लावलेली. त्या नाववाल्याला मी भाऊ म्हणायची. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, हिशेबानं वागणारा माणूस. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की पलीकडच्या काठाला गाळाची जमीन उघडी पडते. तिथं आमच्या गावची माणसं भुईमूग करतात. बायका सकाळी भाऊच्या नावेतून शेंगा काढायला जायच्या आणि तिसऱ्या प्रहरी परत यायच्या. पलीकडं मोबाईलला रेंज नाही. त्यातून त्या काठाच्या मागं टेकाड आहे आणि वेड्या बाभळींचं रान आहे, त्यामुळं पूर्वेचा ढग डोक्यावर येईपर्यंत तिथल्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतं ते समोरचं आमचं गाव, त्यावरचं लख्ख ऊन आणि शाळेची दुमजली इमारत.

म्हणून सतरंजी. मीच भाऊला शाळेत बोलावून सगळं समजावलं. सतरंजी खाली सोडलेली दिसली तर नाव सोडायची नाही. नाव पाण्यात असताना दिसली तर जो काठ जवळ असेल तिकडं वळायचं. सतरंजी गुंडाळली की वाट मोकळी. त्यानं दोनदा विचारून घेतलं, पाठ करून घेतल्यासारखं. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करते. बाईंचं हवामान खातं म्हणून गावात माझी थट्टा झाली, तीही मला आवडली.

पहिल्या उन्हाळ्यात चार वेळा सतरंजी टाकली आणि तीन वेळा वळीव आला. मी हवेत होते.

दुसऱ्या वर्षी वैशाखात सलग तीन दिवस सतरंजी टाकायची वेळ आली. पहिल्या दिवशी ढग पुरा पिकला आणि सोनईच्या अंगाला जाऊन बरसला, आमच्याकडं धूळ उडाली. दुसऱ्या दिवशी चार थेंब. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसता गडगडाट. तिन्ही दिवस बायका पलीकडं अडकून बसल्या, दिवेलागणीला घरी आल्या. शेंगा काढायला झालेल्या होत्या. वळवाचं पाणी मुरलं असतं तर जमिनीतच त्यांना कोंब फुटले असते. म्हणजे पाऊस आला तरी नुकसान, आणि माझ्या सतरंजीपायी दिवस मोडला तरी नुकसान. बायकांचे नवरे मला बघून हसू लागले. एकानं विचारलं, आज सतरंजी धुवायला काढली काय.

त्या बायकांत एक ओली बाळंतीण होती. म्हणजे तशी आठ महिने झालेली, पण मूल अंगावर पिणारं. त्यांचा स्वतःचा शेंगांचा तुकडा होता, म्हणून ती सकाळी पाजून जायची आणि तीन वाजता येऊन परत पाजायची. तिसऱ्या दिवशी ती सातला आली. तिची सासू त्या मुलीला खांद्यावर घेऊन पाचपासून शाळेच्या अंगणात येरझाऱ्या घालत होती. मूल रडून रडून निळं पडलेलं. मी दूध गरम करून आणलं, वाटी पुढं केली, तर मुलीनं तोंड फिरवलं. तेव्हा म्हातारी वर गच्चीकडं बघत मला म्हणाली,

"बाई, तुमच्या सतरंजीला दूध येतं का?"

मी तोंडाळ बाई आहे. मला कुणी एक बोललं तर मी दोन सुनावते. त्या संध्याकाळी मी दुधाची वाटी उचलून आत वळले. खोलीवर जाऊन मी रडले, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीसाठी नाही रडले. माझं हसं झालं म्हणून रडले.

चौथ्या दिवशी दोन वाजता ढग कालच्यासारखाच होता. अडीच वाजता तो कालच्याहून मोठा होता. अ‍ॅपवर ठिपके दाट झाले होते, पण तसे ते कालही झाले होते. मी सतरंजी हातात घेऊन गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले. टाकायची म्हटलं की ती म्हातारी डोळ्यासमोर यायची. म्हटलं, दहा मिनिटं बघू. या वेळी खात्री करूनच टाकू. उगाच रोज रोज लांडगा आला करण्यात अर्थ नाही. माझ्या उजव्या हाताला शाळेचं कडुलिंबाचं झाड होतं. त्याची पानं हलता हलता थांबली. पाणी सपाट झालं. हे मला दिसलं. याचा अर्थ काय हेही मला कळलं. तरी मी अजून पाचेक मिनिटं उभी राहिले. का, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. त्या पाच मिनिटांत मी ढगाकडं बघत नव्हते, मी गावाकडं बघत होते. कुणी हसायला उभं आहे का ते बघत होते.

मग मशीनचा आवाज आला. पलीकडून नाव सुटली होती.

मी घाबरले आणि सतरंजी सोडून दिली. ती पुरती उलगडून भिंतीवर पडली तेव्हा नाव पाण्याचा तिसरा हिस्सा पार करून आली असेल. क्षणभर वाटलं, बरं झालं, दिसली असेल. आणि खरोखरच दिसली. भाऊनं नियमाप्रमाणं केलं. जवळचा काठ मागचा होता, म्हणून त्यानं नाव वळवायला घेतली.

ती आडवी झाली आणि त्याच वेळी टेकाडावरून वारं आलं. आधी बाभळी वाकल्या, मग पाण्यावर काळी रेघ पळत आली, मग गारा. मला नाव दिसेनाशी झाली. सरळ येत राहिली असती तर वारं तिच्या पाठीवर आलं असतं, आणि आदळत आपटत का होईना, गावाच्या काठाला लागली असती. भूगोल मला तेव्हाही येत होता. मी गच्चीवरून ओरडत होते, भाऊ, वळू नका. माझं मलाही ऐकू येत नव्हतं.

नऊ जण होते. भाऊ धरून सात जण आले, काही पोहून, काही मासेमारांच्या जाळ्यांना बांधलेल्या तरंगत्या डब्यांना धरून. लाइफ जॅकेटं तीन होती, कुण्या पुढाऱ्यानं दिलेली. उन्हानं खराब होतील म्हणून ती भाऊच्या घरात खुंटीला टांगलेली होती. एक वयस्कर बाई दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. त्या मुलीची आई तिसऱ्या दिवशी.

हवालदार आले, जबाब झाले. मला एकच प्रश्न विचारला. सतरंजी टाकली होती का? मी म्हटलं, टाकली होती. कधी टाकली, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सतरंजी तर सगळ्या गावाला दिसतच होती, ओली होऊन भिंतीला चिकटलेली. तिचा फोटो पेपरात आला. इशारा असताना नाव घातली, असं छापून आलं. मी तो पेपर वाचला, घडी करून कपाटात ठेवला. ग्रामसभेत मला शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला. हात पुढं करून घेतला.

भाऊला गावानं वाळीत टाकलं नाही, पण त्याच्याशी कुणी बोलेना. ज्या माणसांनी तीन दिवस माझ्या सतरंजीची टिंगल केली तीच आता म्हणू लागली, की बाई जीव तोडून सांगत होत्या, यानं ऐकलं नाही. भाऊ काही बोलला नाही. त्यानं जबाबात काय सांगितलं ते मला कळलं नाही. पावसाळा सरायच्या आत तो बायकोला घेऊन पुणतांब्याला मेव्हण्याकडं गेला. नाव काठावर पालथी पडून गंजली. तो गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

त्यानंतर गावात कुणी सतरंजीला हसलं नाही. मी टाकली की नावा काठावर ओढल्या जातात. दोन वर्षांपूर्वी असाच मोठा वळीव झाला, पलीकडच्या गावातल्या शाळेचे पत्रे गेले, तेव्हा आमच्या तिन्ही नावा काठाला बांधलेल्या होत्या. माणसं मला हात जोडायला आली. मी दार लावून घेतलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

यंदा एप्रिलच्या शेवटी पहिलीच्या प्रवेशाचे फॉर्म भरायला सुरुवात केली. एके दिवशी ती म्हातारी नातीचा हात धरून आली. मुलगी सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, बापासारखी उंच होणारी. बाप बहुतेक दिवस ऊसतोडीला बाहेरच असतो, आजीच सांभाळते. मी आईच्या नावाच्या रकान्यापाशी थांबले. म्हातारीनं नाव सांगितलं. मग नातीचं तोंड हातानं माझ्याकडं वळवून तिला म्हणाली,

"ह्या बाईंनी तुज्या आईला लई सांगितलं हुतं, थांब म्हनून. पाया पड त्यांच्या."

मुलगी वाकली. माझ्या पायाला तिचे हात लागले. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, फॉर्म उद्या भरू.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पुणतांब्याला गेले. भाऊ गावाबाहेर एका पत्र्याच्या खोलीत राहतो, शेळ्या सांभाळतो. गोदावरी हाकेच्या अंतरावर आहे, पण शेळ्यांना पाणी पाजायलाही तो खाली उतरत नाही, असं त्याच्या बायकोनं दारातच सांगितलं. तो खूप वाळला होता. मला बघून उठला, बाज रिकामी करून दिली. मी चहा व्हायच्या आत बोलून टाकलं. सतरंजी उशिरा टाकली, लोकांना भ्यायले म्हणून थांबले, जबाबात लपवलं, आणि आता गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे.

तो बराच वेळ शेळीच्या कानातल्या गोचड्या काढत बसला. मग म्हणाला, "मला ठाव हाय, बाई. मी पलीकडनं बगत हुतो की."

मी विचारलं, काय बघत होता.

"तुमी सतरंजी हातात घिऊन हुभ्या हुत्या. म्या म्हटलं, बाई घडी करायल्यात. टाकली आसंल मगाशी, आता काढून घेतली. म्हंजी वाट मोकळी. वारं बी पडलं हुतं. म्हनून तर सोडली."

मला वाटत होतं की माझी चूक उशीर करण्याची आहे. उशीर ही तरी माणसाची चूक. पण मी त्या काठावर उभ्या असलेल्या माणसांना स्वतःच्या हातानं, तांबडी घडी छातीशी धरून, या म्हणून सांगत होते. रोज संध्याकाळी काढून घेतानाही मी तिथंच आणि तशीच उभी राहत असे. हे एवढं साधं सहा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी त्याला विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत. त्यानं लगेच उत्तर दिलं, म्हणजे त्यानं याचा विचार फार आधीच करून ठेवला होता.

"बोललो आसतो तर पुन्यांदा कुनी तुमची सतरंजी मानली नसती. माजी नाव तर गेलीच हुती. बाकीच्या तरी थांबत्याल म्हटलं." आणि मग, "थांबत्यात का?"

मी म्हटलं, थांबतात.

"मंग सांगू नका."

त्याच्या बायकोनं चहा आणला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कप ठेवताना म्हणाली की यांचा मेव्हणा अजून यांना लोकांदेखत माणसं बुडवणारा म्हणतो. भाऊ तिला गप्प बस म्हणाला. मी तो चहा प्यायले आणि परत आले. एसटीत नेवाशापर्यंत उभं राहावं लागलं, तेही मला बरं वाटलं.

म्हातारी तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. नात बरोबर होती. मी नातीला वर्गात निळ्या सतरंजीवर बसवलं, पाटी दिली, आणि आजीला व्हरांड्यात आणून सगळं सांगितलं. तीन दिवसांची टिंगल, तिचा तो एक प्रश्न, माझी दहा मिनिटं, हातातली घडी, नाव वळली ती का वळली, आणि भाऊ का गप्प राहिला. काही गाळलं नाही. तिचा प्रश्न सांगताना मात्र माझा आवाज चाचरला, कारण मी ते सांगितलं तर दोष तिच्यावर टाकल्यासारखं होत होतं. ते मी तिला तसं म्हटलंही. ती खांबाला टेकून उभी होती. पदर तोंडात धरला होता. रडली नाही. माझ्या अंगावर धावून आली नाही, मी त्याची वाट बघत होते.

दीड वाजला असेल. अंगणात चांगलंच ऊन होतं. म्हातारी माझ्याकडं न बघता पाण्याच्या पलीकडं बघत होती. टेकाडामागं ढगाचे गड्डे वर चढत होते. आज तिकडं सहा बायका गेलेल्या होत्या, नवीन नाववाल्याबरोबर. तिचीच एक जाऊ त्यांत होती.

"ह्ये मला सांगितलं, आता पोरीला मोठी झाल्याव सांगा," ती म्हणाली. "तुमीच सांगा. मी न्हाई सांगायची."

मी हो म्हटलं.

मग तिनं पदर सोडला आणि पूर्वेकडं हात केला. "ढग बगा किती चढलाय. हुभ्या काय ऱ्हायल्या, बाई. जावा, टाका ती सतरंजी."

मी जिना चढले. सतरंजी कपाटातून काढली आणि गच्चीवर येताच, छातीशी न धरता, फरफटत कठड्यापर्यंत नेऊन खाली सोडली. खाली व्हरांड्याच्या पायरीवर ती नातीला घेऊन बसली होती. सहाही बायका परत येईपर्यंत ती तिथून उठली नाही. त्या दिवशी पाऊस आला नाही.